साडेतीन शहाण्यांच्या यादीत रामशास्त्री का नाहीत?

संगममाहुली (सातारा)

यादी सगळ्यांना पाठ आहे. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचा विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे. अर्धे का, तर बाकीचे तिघे वेळ पडली तर तलवार उचलायचे, नानांची सगळी मर्दुमकी कागदावर. शाळेत एवढं ऐकायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं.

माझं भांडण त्या अर्ध्याशी नाही, यादीशी आहे. तिच्यातल्या माणसांचं पुढे काय झालं बघा. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. सखारामबापूंनी माधवराव आणि राघोबादादा या दोन्ही डगरींवर हात ठेवून उमर काढली. शेवटी नानांनीच त्यांना कैदेत टाकलं आणि ते कैदेतच गेले. म्हणजे अर्ध्या शहाण्याने एका पूर्ण शहाण्याला संपवलं. आणि नाना? १३ मार्च १८०० ला पुण्यात वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातलं सगळं शहाणपण आणि संयम गेला, असं तेव्हाचा इंग्रज रेसिडेंट पामर म्हणाला. पुढच्या १८ वर्षांत पेशवाईही गेली.

पामरचं ते वाक्य आपण नानांची स्तुती म्हणून सांगत असतो. मला त्यात नानांवरचा सगळ्यात मोठा ठपका दिसतो. २५ वर्षं कारभार हातात असलेला माणूस गेला आणि त्याच्यामागे शहाणपण म्हणून काही उरलंच नाही, तर ते शहाणपण कुठल्या जातीचं होतं?

नानांची पद्धत बघा. जिथून धोका संभवतो, त्याच्यावर पहारा. राघोबादादांची पोरं आधी आनंदवल्लीला, मग शिवनेरीवर. पेशवाईची वस्त्रं ज्यांच्या हातून जायची ते आमचे छत्रपती इथे साताऱ्याच्या किल्ल्यावर, नावाला राजे. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं तो सवाई माधवरावही वाड्यात नजरेखाली. चाळीस दिवसांचा असताना पेशवा झालेलं ते पोर एकविसाव्या वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून गेलं. मग नानांनी ज्याला जन्मभर कोंडून ठेवलं त्याच बाजीरावाला गादीवर बसवायची वेळ आली. कोंडून वाढवलेला माणूस संशयी निघणार नाही तर काय निघणार?

याउलट आमच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. १७७३ साली नारायणरावाचा खून झाला तेव्हा खुद्द राघोबादादांना दोषी ठरवून ते पुणे सोडून निघाले. फौज नाही, हेर नाहीत, कारस्थान नाही. अडीचशे वर्षं झाली तरी मराठी माणूस न्यायाधीश कसा असावा हे सांगताना त्यांचंच नाव घेतो. पण ते पाऊण शहाण्यातसुद्धा धरले जात नाहीत.

मला वाटतं आपल्या लोकांनी डोक्याच्या वेगाला मोजलं. कुठे थांबायचं हे कळणं मोजायची सोयच त्या यादीत नव्हती. बोला.

खडूस कारकून (कऱ्हाड)

निकालपत्र हातात घेऊन पेपर तपासायला बसलाय तुम्ही.

१७७४ सालात जाऊन उभे राहा. पेशव्याचा खून झालेला. खुनाचा आळ ज्याच्यावर तोच काका गादीवर हक्क सांगतोय. गादीचा वारस तान्हा. राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या दारात जाऊन १७७५ साली सुरतेचा तह करतात, फौजेच्या बदल्यात मुलूख द्यायला निघतात. अशा वेळी बारभाईंनी, म्हणजे नाना-सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांच्या गटाने, राज्य टिकवलं. १७७९ ला वडगावला इंग्रजांना हातातला मुलूख परत द्यायचं कबूल करायला लावलं. निजाम, हैदर, नागपूरकर भोसले आणि पुणे अशी चौघांची मोट नानाने इंग्रजांविरुद्ध बांधली. नागपूरकरांनी बंगालवर जायचं ते टाळलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करा. १७८२ चा सालबाईचा तह. १७९५ चा खर्डा, जिथे शिंदे, होळकर, भोसले सगळे एका झेंड्याखाली आले ते शेवटचंच.

बाजीरावाला मोकळं का सोडलं नाही म्हणता? त्याच्या बापाला मोकळं सोडल्यावर काय झालं हे नानाने डोळ्यांनी पाहिलं होतं. याला तुम्ही बुद्धीची मर्यादा म्हणता, मी याला अनुभवातून शिकणं म्हणतो. आणि एकविशीतला पेशवा खर्डा जिंकल्यावर सात महिन्यांत माडीवरून पडेल, हे कुठल्या शहाण्याला आधी कळतं?

राजवाडा चौपाटी

आवो साडेतीनच व्हय? संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर या, भेळ हातात यायच्या आत तुमाला साडेतीनशे मोजून देतो.

बाकी माहुलीचं म्हणाल तर, तितं येणारा पावना आदी शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी कुठं हाय ते इचारतो. रामशास्त्र्याचं घर मागनं. कुत्र्यानं वागापासनं राजाला वाचीवलं म्हनून समाधी. शास्त्रीबुवांनी राजाला चार शब्द सुनावलं म्हनून धागा. ज्याचं त्याचं नशीब.

हळदबाजार (सांगली)

मला नाना आणि रामशास्त्री दोघांतलं फारसं कळत नाही, पण डोक्याला मर्यादा कुठे असते यावर आमच्या सांगलीकडे सांगण्यासारखं आहे.

आमच्याकडे हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आत हळद भरायची, तोंड बंद करायचं. हवा लागत नाही, कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. तिथली मातीच अशी की आत पाणी झिरपत नाही. हे कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या हात घालून कळलेलं. पेवाची पावती बाजारात पैशासारखी फिरायची, एवढा त्याच्यावर विश्वास. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी वरूनच पेवांत शिरलं. झिरपायचा प्रश्नच आला नाही. किती पेवं कायमची गेली. आता बहुतेक माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये.

म्हणजे पुस्तकी हुशारी नको, वाडवडिलांचं शहाणपण हवं असं कुणी म्हणायला लागलं की मला हरिपूर आठवतं. त्या शहाणपणालाही जेवढं पाणी बघितलं होतं तेवढंच माहीत होतं.

याच्या पुढचं २०१९ चं ऐका. २००५ नंतर आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या भिंतीवर एक न दिसणारी रेघ होती. "पाच सालाला इथपर्यंत आलं होतं." ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा जुने लोक त्या रेघेवर भरवसा ठेवून बसले. आमच्या पायरीला तेव्हा लागलं नव्हतं, आता कसं लागेल? सामान पहिल्या मजल्यावर नेलं आणि चहा केला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. गल्लीतून वेळेवर बाहेर कोण पडलं सांगू? भाडेकरू. ज्यांना २००५ माहीतच नव्हतं. त्यांनी पाणी बघितलं, पोरं उचलली आणि निघाले. इतिहास माहीत असलेल्यांना नंतर बोटीतून काढावं लागलं, त्यात आमचे सासरेही होते.

तेव्हा इतिहासातून धडा घ्यावा हे खरं, पण घेतलेला धडाच अंगावर येतो त्याचं काय करायचं, ते सांगा की ओ.

पाटणचा पाऊस

हळदबाजार ताई, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. (माहुलीकरांनी राग मानू नये.)

मी नोकरीभर धरणांच्या कामात होतो. त्यामुळे कोयनेचं सांगतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तोपर्यंत भूशास्त्राचं शिकलेलं मत असं की दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट, हलायचा थांबलेला खडक. भूकंप हिमालयात, इथे नाही. नकाशातही हा भाग जवळजवळ बिनधोक दाखवलेला. त्या पहाटे रिश्टर मापावर साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला, कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली.

यावरून लोक पटकन म्हणतात, बघा, शास्त्रज्ञांची घमेंड उतरली. पण पूर्ण गोष्ट तशी नाही. धरणात पाणी साठायला लागल्यावर १९६२ नंतर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले होते. तशी यंत्रं तिथे बसवली गेली. त्यामुळे १९६७ चा मोठा धक्का खुद्द धरणाच्या अंगावर नोंदला गेला. ती नोंद आजही जगभर धरणांचा अभ्यास करताना वापरतात. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. मग उंच भागांना मागून काँक्रीटचा आधार देऊन मजबूत केलं. आज आपला भाग नकाशात वरच्या धोक्याच्या पट्ट्यात आहे.

तर माझं म्हणणं, बुद्धीला कुंपण बिंपण काही नसतं. नोंदी तोकड्या असतात. तुमच्या गल्लीतल्या लोकांची चूक इतिहासावर भरवसा ठेवल्याची नव्हती. एकाच पुराला त्यांनी सगळा इतिहास धरलं, तिथे ते फसले. शंभर वर्षांचे आकडे समोर असते तर २००५ ची रेघ कुणी शेवटची मानली नसती. आणि शहाणपण नावाची वेगळी वस्तू मला कधी दिसलेली नाही. ज्याचा अंदाज बरोबर आला त्याला आपण मागाहून शहाणा म्हणतो.

संगममाहुली

पाटणकर, धरणाला हे लागू असेल. नानांना लागू नाही.

नोंदी तोकड्या होत्या? त्या काळात नानांइतकी माहिती कुणाकडे होती? दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कलकत्ता, जिथे दरबार तिथे त्यांचा वकील नाहीतर बातमीदार. कुठल्या सरदाराच्या मनात काय आहे हे पुण्यात बसून त्यांना कळायचं. आणि एवढं असून त्यांच्याच देखरेखीखाली वाढलेल्या, भिंतीपलीकडे झोपणाऱ्या मुलाच्या मनात काय चाललंय ते कळलं नाही! सवाई माधवराव आणि कैदेतला बाजीराव यांचा चोरून पत्रव्यवहार चालल्याचं उघड झालं तेव्हा नानांनी काय केलं? पहारे वाढवले. एकविशीतला मुलगा शत्रूच्या मुलाला चोरून पत्रं का लिहितो, हा प्रश्न त्यांना पडल्याचं दिसत नाही. माहिती मिळाली होती. ती कशाबद्दलची आहे हे कळलं नाही.

अजून आकडे गोळा केले असते तर हे सुधारलं असतं असं मला वाटत नाही. ज्या माणसाला दुसऱ्यावर विश्वास टाकता येत नाही, त्याला प्रत्येक नवी बातमी पहारा वाढवायचंच कारण देते.

आणि हे फक्त वाड्यापुरतं नव्हतं. १७९६ साली गादीचा घोळ चालू असताना नाना इथे साताऱ्याला आले. छत्रपतींना पुढे करून राज्याची घडी बसवावी असं त्यांच्या मनात आलं होतं, पण ज्यांना इतकी वर्षं डांबून ठेवलं त्या राजांचा त्यांच्यावर भरवसा कसा बसावा? बेत सोडून द्यावा लागला. हे ग्रँट डफनेच नोंदवलंय, आणि तो काही नानांचा दुस्वास करणारा नव्हता. अडचणीच्या दिवशी ज्याच्या आधाराला जायचं तो आधारच आपण आधी मोडून ठेवलेला. कारकूनसाहेब याला अनुभवातून शिकणं म्हणतात.

खडूस कारकून

म्हणतो. आणि आता तुमच्या रामशास्त्र्यांकडे वळतो, कारण त्यांच्यावर कुणी बोलतच नाही.

राघोबाला दोषी ठरवून निघून जाणं थोर आहे, मान्य. पण निघून गेल्याने काय झालं? राघोबा पेशवा राहिलाच. त्याला उतरवलं कुणी? कारस्थान्यांनी. तुम्ही नाक मुरडता त्या बारभाईंनी. त्यांचा डाव जमला म्हणून शास्त्रीबुवांना परत पुण्याला येऊन न्यायाधीश होता आलं. हात स्वच्छ ठेवायचे तर कुणीतरी आपल्यासाठी हात मळवून घ्यावे लागतात.

दुसरं. घाशीराम कोतवाल १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. १७९१ ला लोकांनी त्याला दगडांनी ठेचला. रामशास्त्री १७८९ ला वारले. म्हणजे १२ वर्षं एकाच शहरात तो कोतवाल आणि हे न्यायाधीश. या काळात त्यांनी पुणं सोडलं नाही. तेव्हा कुठे थांबायचं हे त्यांना कळत होतं म्हणता, ते नेहमीच कळत होतं का, एवढंच विचारतो.

मोडीवाचक (वाई)

दोघेही ज्या जमिनीवर उभे राहून भांडताय ती आधी तपासा.

रामशास्त्री आणि राघोबा यांचा तो प्रसिद्ध संवाद, "देहान्त प्रायश्चित्त" वाला, आपल्यापर्यंत मुख्यतः ग्रँट डफच्या इतिहासामुळे आणि मागाहून लिहिलेल्या मजकुरामुळे आला. ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट होता, त्याचा ग्रंथ १८२६ चा. घटनेला तोवर पन्नास वर्षं उलटलेली. "ध चा मा" तर त्याहून कच्चा. रामशास्त्री करारी होते यात शंका नाही, पण आपण ज्या रामशास्त्र्यांना यादीत बसवायला निघालोय ते निम्मे इतिहासातले आणि निम्मे आपल्याला हवे होते म्हणून घडवलेले.

नानांचं उलट आहे. माणसाने कागद जपले. वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला त्यांचा वाडा, त्या वाड्यातलं दप्तर म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाची खाणच. (घाटावरची ती मोठी घंटा बघून परत फिरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. घंटा वसईच्या चर्चमधली, फोटो चांगला येतो, हे सगळ्यांना माहीत.) पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ते कागद मिळवले आणि छापायला घेतले. राजवाड्यांचा "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चा पहिला खंड १८९८ चा, तोही वाईला सापडलेल्या कागदांवर. आमच्या या तालुक्याने मराठी इतिहासाला तोंड फोडलं म्हणायला हरकत नाही.

आता याचा परिणाम काय? नानांची प्रत्येक चाल आपल्याला दिसते, म्हणून प्रत्येक चूकही दिसते. देवाजीपंत चोरघड्यांची चूक सांगा बरं एक. येत नाही ना? त्यांचा शहाणपणाही सांगता येत नाही. ते आपल्याला म्हणीतून माहीत आहेत. पूर्ण शहाणा होण्याचा सोपा मार्ग म्हणजे मागे कागद न ठेवणं.

पाटणकरांची नोंदींवरची श्रद्धा मला पटते, पण नोंद हीसुद्धा कुणीतरी ठेवलेली असते. नानांच्या दप्तरात सवाई माधवरावाला काय वाटत होतं ते कसं सापडणार? दप्तर नानांचं आहे.

राजवाडा चौपाटी

मोडीवाचक लई भारी. "पूर्ण शहाणा व्हायचं तर कागद ठिवू नका" हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आदीच कळलंय.

चारभिंती (सातारा)

नाना आणि रामशास्त्र्यांत अडकलात आणि साताऱ्याचा खरा दाखला राहिलाच. छत्रपती प्रतापसिंह.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं, २५ सप्टेंबर १८१९ ला तह केला. हा राजा अभ्यासू. रोजनिशी ठेवायचा, शाळा काढली, छापखाना आणला. जहागिरदारांवर हक्क कुणाचा यावरून मुंबई सरकारशी वाद झाला तेव्हा तलवार काढली नाही. तहाचं कलम दाखवलं. आणि कलमाप्रमाणे त्यांची बाजू बरोबर होती. त्याचा उपयोग? १८३९ साली कटाचा आरोप ठेवून गादीवरून उतरवलं, काशीला पाठवलं, १८४७ ला तिथेच वारले. १८४८ ला धाकटे बंधू शहाजी गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. डलहौसीने दत्तक नामंजूर करून खालसा केलेलं पहिलं संस्थान आपलं सातारा.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये १४ वर्षं राहिले. अर्ज केले, पुस्तिका छापल्या, कंपनीच्या सभांमध्ये भाषणं केली. मुद्दे खोडून काढता येत नव्हते म्हणून ऐकून घेतले गेले आणि फाईल बंद झाली. परत आले. १८५७ ला याच माणसाने साताऱ्यात उठावाची तयारी केली. मुलगा सीताराम फासावर गेला, स्वतः रंगो बापूजी इंग्रजांना कधीच सापडले नाहीत.

कारकूनसाहेब विचारतील, १४ वर्षं अर्ज करणारा शहाणा की नंतर उठाव करणारा? मी त्यांनाच विचारतो. बुद्धीची खरी मर्यादा नानांच्या स्वभावात शोधू नका. समोरच्याने ऐकायचंच नाही ठरवलं की बरोबर मुद्दा आणि चुकीचा मुद्दा यांची किंमत सारखी होते.

पाटणचा पाऊस

चारभिंती, तुम्ही सांगितलं ते सत्तेबद्दल आहे, बुद्धीबद्दल नाही. प्रतापसिंहांची बुद्धी कमी पडली नाही, फौज कमी पडली.

चारभिंती

फौज नाही हे माहीत असताना कलमावर विसंबणं यात बुद्धी कुठेतरी कमी पडलीच की. की शिकलेल्या माणसाला समोरचाही शिकलेला आहे म्हणजे ऐकेल असं वाटतं, तो भ्रम? हा भ्रम मला आजही रोज दिसतो. या धाग्यावरही.

हळदबाजार

पाटणकर काका, माझा प्रश्न तुम्ही टाळलात. १०० वर्षांचे आकडे असते तर, म्हणता. २०२१ ला तेच झालं की. तोवर दोन पूर अंगावर काढलेले, कोयनेतून किती क्युसेक सोडले, आलमट्टीत साठा किती, मोबाईलवर दर तासाला आकडा. सासरे म्हणाले, या वेळी मी ऐकणार नाही, ४० फुटांवर इशारा आला की निघायचं. निघालो. पाणी आमच्या घरात त्या वेळी आलं, निघालो ते बरोबरच झालं. पण समोरच्या आजींना निघायचंच नव्हतं, आकडे त्यांनाही दिसत होते. म्हैस होती दारात. म्हशीला कुठे नेणार याचं उत्तर कुठल्या आकड्यात नव्हतं. शेवटी पोरांनी म्हैस आधी हलवली तेव्हा आजी हलल्या.

ते पोरं म्हणजे बारावी नापास, दिवसभर कट्ट्यावर. त्यांना कळलं की आजींना आकडे सांगून उपयोग नाही.

संगममाहुली

ताई, नानांना हेच साधलं नाही असं मी म्हणतोय.

खडूस कारकून

म्हैस मान्य. पण राज्य म्हणजे एक आजी आणि एक म्हैस नव्हे. ठरवून नानाच्या जागी बसा आणि सांगा. ऑक्टोबर १७९५. पेशवा गेलाय, मूलबाळ नाही. दौलतराव शिंदे पोरसवदा आणि फौज घेऊन उरावर. बाजीराव नको म्हणता. मग कोण? नाव सांगा. तत्त्वज्ञान नको.

संगममाहुली

अमृतराव. राघोबादादांचा दत्तक मुलगा. बाजीरावाहून मोठा, कारभाराची समज असलेला. त्यालाही कोंडूनच ठेवलं होतं ते सोडा.

मोडीवाचक

अमृतरावाने १८०३ साली इंग्रजांची पेन्शन घेतली आणि पुढे उत्तरेत जाऊन राहिला. त्यामुळे तो आला असता तर राज्य तरलं असतं हे छातीठोक कुणी सांगू नये. पण १७९५ ला गादीवर असता तर १८०३ ला पेन्शन घ्यायची वेळ आली असती का, हेही कारकूनसाहेबांना सांगता येणार नाही.

प्रत्यक्षात काय झालं ते मात्र लिहून ठेवतो. १७९६ च्या उन्हाळ्यात बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी याला सवाई माधवरावाची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केलं. यात परशुरामभाऊ पटवर्धन, म्हणजे ताई, तुमच्या तासगावचे. नानांचीही संमती. चिमाजी नात्याने सवाई माधवरावाचा चुलता. म्हणजे यशोदाबाईचा चुलतसासरा तिचा मुलगा झाला. असा दत्तक शास्त्राला धरून आहे असं सांगणारे शास्त्री पुण्यात मिळाले. वर्ष सरायच्या आत चिमाजी बाजूला, बाजीराव गादीवर, आणि तोच दत्तक अशास्त्र ठरला.

संगममाहुली

रामशास्त्री जाऊन सात वर्षं झाली होती. यादीत त्यांची जागा कुठे होती ते आता दिसतंय का कारकूनसाहेब?

खडूस कारकून

दिसतंय, की ते असते तर आणखी एकदा पुणं सोडून गेले असते. दत्तक झालाच असता.

हळदबाजार

तुमच्या भांडणात घुसते, माफ करा. चुलतसासऱ्याला मांडीवर घ्यायला लावलं त्या यशोदाबाईचं वय तेव्हा किती होतं हो? आणि तिला कुणी विचारलं होतं का, साडेतिघांपैकी किंवा शास्त्र्यांपैकी? मोडीवाचक, तिचं एखादं पत्र असेल कुठल्या दप्तरात तर टाका इथे. मला ते वाचायचंय.